सेवेरीनोचं थांबणं

बेलार्मीनोने बेल वाजवली तेव्हा आजोबा न्हाणीघराच्या दारात अडकले होते. दोन्ही पाय फरशीला चिकटल्यासारखे, एक हात चौकटीवर, मान थोडी पुढे. वरचं अंग निघायला तयार, पाय मात्र ऐकत नव्हते. आजीने बाहेरचं दार अर्धंच उघडलं आणि त्या फटीत स्वतः उभी राहिली.

"सेवेरीनो आंघोळ करतोय," ती म्हणाली.

"दुपारी बारा वाजता?"

"तुला काय करायचंय? तू आंघोळ करतोस की नाही, हे आम्ही विचारायला येतो का?"

बेलार्मीनो हसला. पूर्वी आमच्या कास्त्रोंदा गावाच्या फुटबॉल संघात तो डाव्या कडेने धावायचा आणि आजोबांना चेंडू पुरवायचा. आता क्लबचे समारंभ त्याच्याकडे असतात. पाहुण्यांची व्यवस्था, हार, फोटो, असलं सगळं. त्याच्या हातात बदामाच्या केकचा खोका होता. क्लब पहिल्या श्रेणीत गेला त्याला या वसंतात पन्नास वर्षं होत होती आणि महिनाअखेरच्या रविवारच्या सामन्याआधी मानाची लाथ सेवेरीनोने मारायची, असं ठरलं होतं.

"कडेपासून मध्यापर्यंत चालत जायचं, चेंडूला पाय लावायचा, टाळ्या, फोटो, संपलं," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला बोलावलं तर लोक मला खाडीत बुडवतील, एतेल्व्हीना."

"विचारते त्याला." आजीने खोका घेतला आणि दार लावलं.

तोवर मी बोळात आजोबांच्या बुटांसमोर माझं पाऊल आडवं ठेवून उभी होते. "ओलांड," मी हळूच म्हणाले. त्यांनी खाली पाहिलं, उजवा पाय उचलून माझ्या पावलावरून पलीकडे टाकला आणि काहीच झालं नाही अशा चालीने स्वयंपाकघरात गेले. खुर्चीत बसले, केकच्या खोक्याकडे बघितलं आणि म्हणाले, "नाही."

आमच्या घरात या दुखण्याचं नाव कुणी घेत नसे. 'ते' म्हणायचो. 'ते आज कमी आहे', 'ते सकाळी जास्त असतं'. मी ओव्हिएदोला भौतिकशास्त्राची पदवी घेऊन, पुढचं काही ठरेपर्यंत म्हणून आजी-आजोबांकडे राहायला आले होते आणि आल्या आल्या 'ते' सगळं वाचून काढलं होतं. हात थरथरणं हा त्यातला सोपा भाग. अवघड भाग म्हणजे चालता चालता पाय गोठणं. दारं, अरुंद बोळ, वळणं आणि आपल्याकडे कुणीतरी बघतंय ही जाणीव, यांतलं काहीही पुरतं. गंमत अशी, की हाच माणूस जमिनीवर आडवी रेघ दिसली किंवा ओलांडण्यासारखं काही समोर आलं, की लगेच पाऊल टाकतो. सवयीने चालण्याची वाट मेंदूत बुजते, पण समोर बघून पाऊल टाकण्याची वाट वेगळी असते आणि ती शाबूत राहते. न्यूरॉलॉजीच्या डॉक्टरांनी आजीला हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मी आयुष्यभर त्याच्या वाटेत पाय घालत आले, तेच चालू ठेवू?"

आजोबांनी दोन वर्षांपूर्वी साइडरच्या, म्हणजे सफरचंदाच्या दारूच्या, दुकानात जाणं बंद केलं. मग मासळी बाजार, मग चर्चच्या बाहेरचा बाक. आता ते गाडीत बसून फिरायला जात आणि गाडीतूनच परत येत. गावात कुणी म्हणे सेवेरीनोला उतारवयात गर्व चढला, कुणी म्हणे बेलार्मीनोशी भांडण झालं. आजोबांना दोन्ही अफवा चालत होत्या.

कास्त्रोंदात जन्मलेल्याला सेवेरीनो कोर्तिना कोण हे सांगावं लागत नाही. कोळ्यांच्या आळीतला मुलगा, आधी बर्फाच्या कारखान्यात, मग क्लबात. बारा हंगाम पुढच्या फळीत खेळले, त्यातले चार पहिल्या श्रेणीत, आणि देशासाठीही काही सामने. फार वेगवान नव्हते. हेडर तर ठीकच. त्यांची खरी करामत एकच होती. गोलपुढच्या चौकोनात, दोन-तीन बचावपटू अंगावर येत असताना ते चेंडूवर पायाचा तळवा ठेवून थांबत. नुसते थांबत. धावत आलेला बचावपटू स्वतःच्या वेगाने पुढे निघून जाई, गोलरक्षक आडवा पडे, आणि मग आजोबा चेंडू हळूच आत ढकलत.

आमच्या ला रिबेरा मैदानावरच्या प्रेक्षकांनी त्याला आपली भर घातली. सेवेरीनो थांबला की सगळं मैदान गप्प होई. कुणी ठरवलं नव्हतं. आधी दोन-चार म्हाताऱ्यांनी आरडाओरडा करणाऱ्यांना कोपर मारून गप्प केलं असेल, मग ते पोरांनी उचललं. बाहेरचे गोलरक्षक म्हणत, की त्या शांततेत स्वतःचा श्वास ऐकू येतो आणि त्यानेच तोल जातो. आजोबांना माद्रिदच्या एका मोठ्या क्लबाने नेलं होतं. ते दोन हंगामांत परत आले. का आलात, असं विचारलं तर सांगत, "मी थांबलो की तिथले लोक ओरडायचे, 'मार, मार.' माणसाला ऐकू काय येणार?"

आजही आमच्या चौकात पोरं खेळताना गोलासमोर मुद्दाम थांबतात आणि बाकीची सगळी तोंड मिटतात. बाहेरगावच्या पोरांना हे कळत नाही, ती चेंडू काढून घेतात आणि मग भांडणं होतात.

मी लहानपणापासून त्या थांबण्याच्या गोष्टी ऐकत आले आणि त्या दर वर्षी लांबत गेल्या. बेलार्मीनो सांगे, सेवेरीनो थांबला तेव्हा मी कडेला उभा राहून बुटाची नाडी बांधली. न्हावी सांगे, त्याच्या वडिलांनी तेवढ्यात पाइप भरला. मला अशा गोष्टींचा त्रास होतो. म्हणून विद्यापीठात असताना मी जुन्या चित्रफिती मिळवून, एकेक चौकट पुढे सरकवत ते थांबे मोजले होते. सर्वांत लांब थांबासुद्धा एका सेकंदाहून कमी निघाला. मी आजोबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "एवढा? मला वाटलं होतं, अजून कमी असेल."

केकचा तुकडा समोर ठेवून आजी त्या दुपारी म्हणाली, "नाही का म्हणतोस ते तरी सांग. चालणं एवढंच तर आहे, आणि मोकळ्या जागेत तू बरा चालतोस."

आजोबा काट्याने केक टोचत राहिले.

"सगळं मैदान बघत असताना मी चालणार," ते शेवटी म्हणाले. "आणि मध्येच कुठेतरी थांबणार. थांबणारच, मला माहीत आहे. त्यांना वाटेल, सेवेरीनोने जुनी करामत केली. सगळे गप्प बसतील. खूश होतील. पहिला श्वास खूश होतील. दुसऱ्यालाही होतील. तिसऱ्याला कुणीतरी शेजाऱ्याकडे बघेल. मग हळूहळू सगळ्यांना कळेल, की हा थांबलेला नाही, हा अडकलाय. आणि ते तसेच गप्प राहतील, एतेल्व्हीना. त्याच शांततेत. ती शांतता माझी आहे. ती मला तशी ऐकायची नाही."

 आजीने खोका बंद केला, शाल घेतली आणि मासळी बाजारात गेली. तासाभराने बांगडे घेऊन आली आणि ओट्याकडे तोंड करून म्हणाली, "मी एर्मिताला सांगितलं, की तू मानाची लाथ मारणार आहेस."

एर्मिता मासळी विकते. तिला सांगणं म्हणजे चर्चची घंटा वाजवण्यासारखंच.

आजोबा आजीशी पुरे दोन दिवस बोलले नाहीत. जे सांगायचं ते मला सांगत. "तुझ्या आजीला म्हणावं, मीठ दे." मीठ आजीच्या समोरच असे. ती मीठ माझ्या हातात देई आणि मी आजोबांच्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जुने बूट काढले आणि माझ्यासमोर आपटले. "चल. गाडी काढ. तुझी ती रेघांची विद्या दाखव."

आम्ही गावामागच्या टेकडीवर जात असू. तिथे आजीच्या चुलतभावाचं कुरण आहे. मी चुन्याने कडेची रेघ आखली, त्यापुढे नुसतं गवत आणि मग मधल्या वर्तुळाची रेघ, मापात. आजोबा कडेपासून निघत, नजर वर्तुळाच्या रेघेवर ठेवत, मोठी पावलं टाकत, रेघ ओलांडत आणि चेंडूला पाय लावत. कुरणात ते एकदाही अडकले नाहीत.

"बघ, होतंय की," मी म्हणाले.

"गाई बघतायत तोवर होणारच," ते म्हणाले. "गाईंनी मला बाविसाव्या वर्षी बघितलेलं नाही."

मी सुचवलं, की चेंडू मध्यावर ठेवण्याऐवजी कडेलाच घ्यावा आणि पायाने पुढे ढकलत न्यावा. चेंडू पायाशी असला की ते अडकत नसत, घरच्या अंगणात आम्ही तेही करून पाहिलं होतं. आजोबांनी मान हलवली. "मानाच्या लाथेला चेंडू मध्यावर असतो. आता ऐंशीला आल्यावर मी काय नियम बदलू? उद्या म्हणशील, गोल थोडा मोठा करू."

मग मी एवढंच म्हणाले, की भीती अडकण्याची आहे आणि भीतीमुळेच माणूस जास्त अडकतो. आजोबा म्हणाले, हे कळायला विद्यापीठात जावं लागतं का? पेनल्टी मारणाऱ्या कुणालाही विचार.

रविवारी बारीक बुरबुर होती. आमच्याकडे असतेच. मैदान भरलं होतं. समोर बास्क प्रदेशातला संघ होता आणि त्यांचे लोक एका कोपऱ्यात निळ्या रुमालांत बसले होते. आजी आणि मी खेळाडूंच्या बाकामागे उभ्या होतो. आजोबांनी लांब कोट घातला होता आणि टोपी हातात धरली होती. बेलार्मीनो नवा टाय लावून त्यांच्याभोवती घुटमळत होता.

"मी बरोबर येतो मध्यापर्यंत. एकटा काय जातोस? फोटोत बरं दिसेल."

"जन्मभर कडेने धावलास," आजोबा म्हणाले, "आजही कडेलाच राहा."

"दोन वर्षांनी भेटतोय आणि तोंड तसंच आहे."

आजोबांनी टोपी त्याच्या हातात कोंबली. भोंग्यावर नाव पुकारलं गेलं. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. आजोबांनी कडेची पांढरी रेघ पाहिली, ओलांडली आणि निघाले.

ते छान चालले. मी त्यांच्या पायांकडे बघत होते, आजी त्यांच्या मानेकडे. मान पुढे झुकू लागली की पाय अडखळणार, हे तिला माझ्या सगळ्या वाचनाआधीपासून कळत असे. समोर वर्तुळाची रेघ होती आणि पलीकडे चेंडू, पंच आणि दोन्ही संघांचे कप्तान. आजोबा अर्ध्याच्या पुढे गेले. मग आजीने माझा दंड पकडला.

ते थांबले. रेघ अजून चार-पाच पावलं लांब होती. आजूबाजूला नुसतं ओलं, सपाट, हिरवं गवत. नजरेला धरायला काहीच नाही. टाळ्या आधी आमच्या बाजूच्या बंद झाल्या, मग समोरच्या, मग गोलांमागच्या. वर्षानुवर्षं सरावलेल्या पावलांनी ती शांतता परत आली. बुरबुर पत्र्यांवर पडत होती ती ऐकू येऊ लागली.

पहिला श्वास गेला. लोक खूश होते, चेहऱ्यांवर दिसत होतं. दुसरा गेला. आजोबांचा डावा हात कोटाशी थरथरू लागला. तिसरा गेला आणि मी मागे वळून बघितलं, कारण आता कुणीतरी शेजाऱ्याकडे बघणार होतं आणि मला त्या माणसाला आधीच नजरेने गप्प करायचं होतं.

माझ्या मागे एक गृहस्थ आपल्या मुलीला कडेवर घेऊन उभा होता. माझ्या वडिलांच्या वयाचा असेल, म्हणजे आजोबांना खेळताना त्याने पाहिलेलंच नसणार. तो मुलीच्या कानाशी पुटपुटत होता, "बघ, बघ. असाच थांबायचा तो. समोरचे दमून जायचे."

"किती वेळ थांबणार?"

"त्याला वाटेल तेवढा. एकदा तर म्हणे बाबांचं अख्खं सँडविच खाऊन झालं."

"मग आपण पण थांबायचं?"

"अर्थात. शूऽऽ."

मी रांगेवरून रांगेवर नजर फिरवली. कुणीही शेजाऱ्याकडे बघत नव्हतं. तिथे हजारो लोक होते आणि त्यांतल्या बहुतेकांनी ते थांबे फक्त ऐकले होते. बुटाच्या नाडीएवढे, पाइपाएवढे, सँडविचएवढे. त्यांच्या हिशेबाने आजोबांनी आत्ता कुठे सुरुवात केली होती. ते संध्याकाळपर्यंत तसेच उभे राहिले असते, तरी या लोकांनी घरी जाऊन, आपण खरोखर पाहिलं, असंच सांगितलं असतं. मी ज्या फुगवलेल्या गोष्टींवर वैतागून चित्रफिती मोजत बसले होते, त्या आता माझ्या आजोबांच्या भोवती भिंतीसारख्या उभ्या होत्या.  मी आजीला म्हणाले, "त्यांना कळत नाहीये. आजी, कुणालाच कळत नाहीये."

"मला दिसतंय," आजी म्हणाली. तिची पकड मात्र सुटली नाही.

मग बास्क संघाचा कप्तान हलला. उनाई नावाचा उंच बचावपटू. तो पंचाजवळून निघाला, दोन पावलं चालला आणि एकदम धावत सुटला, सरळ आजोबांच्या दिशेने. बेलार्मीनोच्या तोंडून शिवी गेली. उनाई आजोबांच्या अलीकडे गवतावर बसला आणि पाय लांब करून, पाणी उडवत, त्यांच्या पुढून घसरत गेला. थेट जुन्या चित्रफितीतल्या बचावपटूसारखा. चेंडू तिथे नव्हताच. आपण फसलो आहोत असं दाखवायला तो घसरत होता. पण ओल्या गवतावरही घसरण कधीतरी थांबतेच, आणि त्याची थांबली तेव्हा त्याचा लांब पाय आजोबांच्या बुटांसमोर आडवा पडला होता.

आजोबांनी खाली पाहिलं. उजवा पाय उचलला, त्या पायावरून पलीकडे टाकला. मग डावा. आणि चालू लागले.

तेव्हा मैदानातून उठला तो आवाज मी आयुष्यात पुन्हा ऐकेन असं वाटत नाही. बास्कांचे निळे रुमालसुद्धा हवेत होते. आजोबांनी वर्तुळाची रेघ ओलांडली, चेंडूपाशी गेले आणि त्याला पाय लावला. चेंडू फारसा गेला नाही. कुणाला पर्वा नव्हती. परतताना आमच्या संघाचा कप्तान त्यांच्या खांद्यावर हात टाकून कडेपर्यंत आला आणि मध्ये एकदाही ते अडखळले नाहीत.

बाकाजवळ येऊन ते आजीसमोर उभे राहिले. चेहरा ओला होता, पाऊसच असावा.

"ती बिघडली नाही," ते म्हणाले.

"काय?"

"शांतता. मी वाट बघत होतो, आता बिघडेल, आता बिघडेल. बिघडलीच नाही. उभं राहायला बरं वाटायला लागलं, एतेल्व्हीना. तेवढ्यात हा गाढव आला."

हा गाढव मध्यंतरात चिखलाने माखलेल्या चड्डीनिशी भेटायला आला. त्याने आजोबांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"माझे आजोबा तुमच्याविरुद्ध खेळलेत. सांगायचे, सेवेरीनो थांबला आणि मी बससारखा पुढे निघून गेलो. मला वाटलं, आमच्या घराण्याची पद्धत मोडू नये. राग नाही ना आला?"

"चांगला घसरलास," आजोबा म्हणाले. "तुझा आजोबा याहून हळू होता."

सामना बरोबरीत सुटला. संध्याकाळी बेलार्मीनोने आम्हाला ओढतच साइडरच्या दुकानात नेलं. आजोबांनी नाही म्हटलं नाही. आत गर्दी, ओला भुसा, तळलेल्या मक्याच्या भाकऱ्यांचा वास. वाढपी हात डोक्यावर नेऊन बाटलीतून धार सोडत होता आणि खाली धरलेल्या ग्लासात जेमतेम घोटभर पडत होतं. आजोबांनी पहिला घोट घेतला, उरलेला रिवाजाप्रमाणे भुशावर ओतला आणि ग्लास पुढे केला. दोन वर्षांनी.

"पण काहीही म्हण," बेलार्मीनो म्हणाला, "जरा जास्तच ताणलंस. फुशारकी तुझी जुनीच. मी नाडी बांधायला वाकणार होतो."

"मला हलता येत नव्हतं," आजोबा म्हणाले.

"हो, हो. आणि मला डाव्या पायाने मारता येत नव्हतं."

"तुला येत नव्हतंच. मी खरं सांगतोय. पाय अडकले होते. अडकतात. म्हणून इकडे येत नाही."

बेलार्मीनो आजीकडे बघून हसला. आजी हसली नाही. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मीही हसले नाही. त्याने ग्लास खाली ठेवला.

"मला वाटायचं, माझ्यावर रागावलायस," तो म्हणाला. "दोन वर्षं आठवतोय, मी काय बोललो असेन. बायकोला विचारलं. ती म्हणाली, तू इतकं बोलतोस, त्यातलं कुठलं म्हणून सांगू?"

"रागावलो असतो तर येऊन सांगितलं असतं."

"तेच म्हणतो मी तिला." बेलार्मीनोने रुमाल काढून नाक पुसलं. "गाढवा. दोन वर्षं."

"तुला सांगितलं असतं म्हणजे एर्मिताला सांगितलं असतं."

"हे मात्र खरं," आजी म्हणाली.

आजोबांना मागे जायचं होतं. जोराची लघवी लागली होती, हे त्यांनी मोठ्यानेच जाहीर केलं. ते उठले, टेबलांमधून नीट गेले आणि मागच्या अरुंद दारात पोचताच पाय थिजले. एक हात चौकटीवर, मान थोडी पुढे. मागून ताटं घेऊन येणारी मुलगी थबकली, तिच्या मागे मैदानावरून आलेला निळ्या रुमालांचा घोळका थबकला. जवळच्या टेबलावरची बोलणी कमी होऊ लागली. एकाने दुसऱ्याला कोपर मारलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

मी अर्धी उठले होते. आजीने माझा हात धरून मला खाली बसवलं.

आजोबांनी मान वळवली, जेवढी वळेल तेवढी.

"गप्प बसू नका," ते म्हणाले. "हे ते थांबणं नाही. पार्किन्सन आहे. जरा वेळ लागेल."

हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. आजीनेही. ती टेबलावरच्या भाकरीकडे बघत राहिली.

 ताटंवाली मुलगी म्हणाली, "लागू दे की, आजोबा. माझी ताटं रिकामीच आहेत."

"माझं पोट नाहीये पण रिकामं," आजोबा म्हणाले. "कुणीतरी या आणि पाय आडवा घाला. आज सवयच झाली आहे लोकांना."

तीन-चार खुर्च्या एकदम सरकल्या. बेलार्मीनो सगळ्यांत जवळ होता, पण त्याच्या आधी दोघं पोचले आणि दारात कुणी पाय घालायचा यावरून तिथे चांगलीच ढकलाढकली सुरू झाली. आजीने माझ्या ताटातली भाकरी उचलली, तिचे दोन तुकडे केले आणि मोठा स्वतःकडे ठेवला.

"उद्या बाजारात त्यालाच पाठवते," ती म्हणाली. "मला गुडघ्यामुळे चढ चढवत नाही."